अडण्याची नोकरी

"इथं अडले बाई मी," काकू म्हणाल्या आणि कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

अडल्या कसल्या! धड्यात एक ओळ गाळली गेली होती आणि ती कुठली, हे त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. पण ताकास तूर लागू न देता त्या पडद्याकडे भाबडेपणानं बघत राहिल्या.

धडे लिहिणाऱ्या पोरांतली चष्मेवाली लगेच खुर्ची ओढून शेजारी बसली. "कुठं, काकू? मनात काय आलं ते तस्सं सांगा." तिच्या जोडीचा उंच पोरगा, काकूंचा लांबू, तोही मागे येऊन उभा राहिला.

या कचेरीत काकूंचं काम एकच, अडायचं. ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही त्यांना घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकता यावं, अडलं तर मदत मिळावी, म्हणून ही पोरं धडे लिहीत होती. पण त्यांना सगळंच येत होतं. न येणाऱ्याचं घोडं कुठं अडतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून त्यांनी काहीच न येणारं माणूस शोधलं. शिवणाचा क्लास बंद करून घरी बसलेल्या, भिंतींशी बोलायला लागलेल्या काकू त्यांना सापडल्या. दर मंगळवारी यायचं, धडा करायचा आणि त्या जिथं अडतील तिथं पोरांनी तो बदलायचा.

काय दिवस होते ते सुरुवातीचे! पहिल्या धड्यात 'ही ओळ लिहा' म्हटलं होतं. काकूंनी लिहिली आणि हाताची घडी घालून वाट बघत बसल्या. ओळ लिहून झाल्यावर एक बटण दाबायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. लांबूनं कपाळावर हात मारून घेतला होता. दुसऱ्या धड्यात 'हे तर तुम्हाला कळलंच असेल' असं वाक्य होतं. काकूंना कळलं नव्हतं, म्हणून त्या लाजेनं गप्प झाल्या. चष्मेवालीनं गोडीगुलाबीनं कारण काढून घेतलं आणि ते वाक्य सगळ्या धड्यांतून हद्दपार केलं. तेव्हाचं अडणं खरं होतं, हसणंही खरं. त्या आठवणीनं काकूंना अजून भरून यायचं.

मग घोळ झाला. काकूंना यायला लागलं. तेच काम पुन्हापुन्हा कसं करवून घ्यायचं, हा धडा त्यांना टाके घालण्यासारखा वाटला आणि एका बैठकीत उमगला. घरी मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक प्रोग्रॅमसुद्धा लिहिला. माप टाकलं की कापड किती लागेल ते तो सांगायचा. पण दाखवणार कुणाला? ज्याला येतं त्याची इथं गरजच नव्हती. हा एक मंगळवार हातचा गेला तर बाकीचे वार कशाच्या जोरावर काढायचे? तेव्हापासून नाचता येत असून अंगण वाकडं म्हणायची पाळी आली.

अलीकडे तर पोरंच वेंधळी झाली होती. कधी ओळ गाळायची, कधी उलट्या क्रमानं लिहायची. 'एवढी शिकलेली लेकरं आणि असल्या चुका!' काकू मनात म्हणायच्या आणि मुकाट अडायच्या. लांबूनं जरा रोखून पाहिलं तरी चोराच्या मनात चांदणं.

त्यापेक्षाही एक गोष्ट त्यांना खायला उठली. आपल्या लटक्या अडण्यापायी पोरं धडा भलतीकडेच दुरुस्त करतील आणि कुठंतरी खरंच अडलेलं माणूस तसंच बसून राहील. हे काही बरं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

पुढच्या खेपेला त्या घरून लवकर निघाल्या. सगळं सांगून टाकायचं आणि निरोप घ्यायचा, असं पक्कं ठरलं होतं. जिना चढून त्या वर आल्या. कचेरीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत नव्यानं लागलेली मुलगी बोलत होती.

"ताई, हे धडे तर मागच्या वर्षीच पूर्ण झालेत ना? इतकी माणसं त्यावर शिकताहेत. मग चांगल्या चाललेल्या धड्यातली ओळ तुम्ही काढून का टाकताय?"

"आवर लवकर, ती खुर्ची पुसून ठेव," चष्मेवालीचा आवाज आला. "आज मंगळवार. काकू येतील."