झिपऱ्याचे केस

"गुंत्याशी भांडू नये गं, त्याची समजूत काढावी," आई म्हणायची, आणि केसांच्या टोकापासून हळूहळू वर विंचरत यायची. तो आवाज थांबून वीस वर्षं झाली. आज मात्र समजूत काढायला वेळ नव्हता. तीन वाजून गेले होते आणि पाचला तो माणूस येणार होता.

मागच्या खोलीत जुनी चादर अंथरून तिनं झिपऱ्याला उभं केलं. मानेवरून ओघळलेले त्याचे केस पोटाखाली जमिनीला टेकत होते.

सकाळी नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात फोन आला होता. तुमच्याकडचा लांब केसांचा कुत्रा मी ओळखतो, पाचला घरी येऊन बघून जातो, एवढंच एक म्हातारा आवाज म्हणाला. झिपऱ्या दोन वर्षांपूर्वी त्यांना रस्त्यात भिजलेला सापडला होता. तेव्हा त्याला शोधत कुणी फिरकलं नव्हतं.

"आमचाच आहे म्हणून सांगू," नवरा म्हणाला.

"आणि त्यानं फोटो काढून पुढं धरला तर?"

नवरा उठून दुकानात गेला. मग कापडाची कात्री घेऊन आला. त्या कात्रीनं कुणी कागद कापलेलाही त्याला खपत नसे. एकदा तिनं कापला, तर दोन दिवस धुमसत होता. आज त्यानं स्वतःच ती तिच्या हातात ठेवली.

गाठीखाली कंगवा सरकवायचा, म्हणजे पातं कातडीला लागत नाही. मग कंगव्यावरून कापायचं. कानामागं, काखेत, मांड्यांना दगडासारख्या गाठी होत्या. चादरीवर केसांचा असा ढीग साचला, की त्यातून दुसरा झिपऱ्या उठून चालू लागेल.

पाठ तिनं शेवटी ठेवली होती.

गेल्या वर्षीच्या तापात लेकीच्या पायांतलं बळ गेलं. काठ्या झाल्या, चाकांची चौकट झाली. ती कशाला हात लावेना. मग एके दिवशी तिनं झिपऱ्याच्या पाठीवरचे केस दोन्ही मुठींत धरले आणि उभी राहिली. तेव्हापासून ती त्या केसांच्या आधारानं नाक्यापर्यंत जायची आणि परत यायची. केस ठेवावेत तर कुत्रा जाणार, कापावेत तर आधार. कात्री धरलेल्या हाताच्या कोपरानं तिनं डोळे पुसले आणि ते केसही कापले.

"आता हा झिपऱ्या कसा?" भिंत धरून दारात आलेल्या लेकीनं विचारलं.

"पाहुणे आले की त्याला टकल्या म्हणायचं."

"तो रागवेल."

लेकीनं भिंत सोडून त्याच्या पाठीवर हात टाकला. मूठ वळली, पण मुठीत काहीच आलं नाही. हात घसरला आणि ती खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिनं हात फ्रॉकमध्ये लपवले आणि तिथंच बसून राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

पाचला दार वाजलं. आलेल्या म्हाताऱ्याच्या शर्टाची बटणं एक काज चुकून लागली होती आणि हात थरथरत होते. झिपऱ्यानं धावत जाऊन म्हाताऱ्याच्या गुडघ्यांत डोकं खुपसलं.

"सगळ्यांशीच असं करतो तो," ती घाईनं म्हणाली. नवऱ्यानं पुस्ती जोडली, हा टकल्या अगदी पिल्लू असल्यापासून आमच्याकडेच आहे.

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. बसा म्हटल्यावर बसला, पाणी दिलं ते हातात धरून राहिला. दुसरा हात त्या बोडक्या पाठीवरून फिरवत त्यानं केस कुठं गेले ते विचारलं. उकाड्याचे काढले, ती म्हणाली.

तो बराच वेळ जमिनीवर बसलेल्या मुलीकडे बघत राहिला.

"मागच्या आठवड्यात नाक्यावर ही त्याचे केस धरून चालताना दिसली," तो म्हणाला. "ते पुन्हा एकदा बघावं म्हणून आलो."

ती उठून झिपऱ्याला आपल्याकडे ओढू लागली.

"त्याला न्यायला मला तोंड कुठंय, पोरी? तो हरवला नव्हता. बायको गेली, आणि या हातांना त्याचे केस विंचरणं जमेना, म्हणून मीच त्याला लांब नेऊन सोडलं."