आजारी गाडी

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हाही चौकीतला हवालदार तेच म्हणाला, “आमची गाडी घाट चढत नाही हो, कधीची आजारी आहे. तुमची डिझेल पिकअप धडधाकट आहे ना? तिच्यातनंच न्या म्हातारीला दवाखान्यात.”

हणमंतनं दात-ओठ खात कोंबड्यांचे पिंजरे उतरवले आणि हौद्यात वाळूची पोती टाकली. रिकामी पिकअप खड्ड्याखड्ड्याला उडते, अन् आईच्या छातीत आधीच कळा येत होत्या. पोत्यांवर गादी, गादीवर आई, तिचं डोकं बायकोच्या मांडीवर. घाट लागला तशी वाळूच्या वजनानं गाडी रांगायला लागली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवून तो इंजिनाला शिव्या घालत होता.

आरशात लाल-निळा दिवा चमकला. ऐन चढावर पोलिसांची गाडी सुसाट आली, त्याला मागं टाकून पुढं आडवी उभी राहिली. आजारी म्हणे! इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. खाली उतरलेल्या हवालदाराचा आवाज फोनवरचाच होता.

“मालाच्या गाडीत माणसं भरतोस? लायसन्स काढ!”

हणमंतच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं फाळका पाडला, आईला उचललं आणि थेट पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर नेऊन झोपवलं. बायकोला तिच्या उशाशी बसवलं.

“अरे ए, काय चाललंय हे?”

हणमंतनं लायसन्स त्याच्या मुठीत कोंबलं.

“हे ठेवा तुमच्याकडं. अन् मला मागं टाकलंत ना साहेब, तशीच पळवा आता.”