काठोकाठ भरलेला ग्लास

"स्लिप किती ठेवलीस?" स्टिअरिंग धरून बसलेल्या मिस्त्रींनी विचारलं.

"एक पॉइंट आठ," मागच्या सीटवरून त्यांचा मेहुणा म्हणाला. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्याची वायर दोन सीटांमधून थेट बॉनेटखालच्या कंट्रोलरपर्यंत गेली होती. "काल एक पॉइंट नऊ होती. परवा एक पॉइंट आठच होती, हे आपलं सांगून ठेवतो."

इंडक्शन मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र पुढं फिरतं आणि रोटर त्याच्यामागं जरासा रेंगाळतो. ते रेंगाळणं म्हणजे स्लिप. जास्त झाली की मोटर तापते, कमी पडली की चढावर गाडी रडते. मेहुण्याच्या मते ताई आणि भाऊजी बाजारात जातात ते असंच.

मिस्त्रींनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या गाडीचं इंजिन उपसलं आणि तिथं भंगारातल्या फोर्कलिफ्टची मोटर बसवली. गाडी पाच महिन्यांपूर्वीच चालायला लागली होती. पण गाडी चालणं वेगळं आणि मिस्त्रींना पटणं वेगळं. लिफ्ट सुटल्याचं आतल्या माणसाला कळलं तर ती लिफ्ट नव्हे, विहिरीतली बादली, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी अट घातली होती. डॅशबोर्डवर लाल सरबताचा काठोकाठ भरलेला ग्लास, खाली पांढरा रुमाल, कॉलनीला एक फेरी. रुमालावर एक जरी थेंब पडला तरी गाडी परत शेडमध्ये.

आत्तापर्यंत एकोणीस रुमाल लाल झाले होते.

दरम्यान मिस्त्रींची बायको रोज पादचारी पुलाच्या बेचाळीस पायऱ्या चढत होती, बेचाळीस उतरत होती आणि बस पकडून चष्म्याच्या दुकानात जात होती. बावीस वर्षं ती तिथं काचा घासून फ्रेममध्ये बसवत आली होती आणि त्या कामात तिचा जीव होता. पण डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, पायऱ्या सोडा नाहीतर गुडघा विसरा. कामावर येणार की राजीनामा देणार, हे तिला आज मालकाला सांगायचं होतं. जन्मभर लोकांच्या पायऱ्या वाचवणाऱ्या माणसाची बायको पायऱ्यांपायी घरी बसणार, हे मिस्त्रींना झोंबत होतं. हिसके देणारी गाडी तिच्या हातात देणं त्याहून जास्त झोंबत होतं.

"भाऊजी, ग्लास खड्ड्यांमुळे सांडतो. त्यात मोटरचा काय दोष?"

"लिफ्टमध्ये खड्डे नसतात."

"हा रस्ता आहे."

"म्हणून तर स्लिप नीट बघ म्हणतोय."

तेवढ्यात बायको आली. एका हातात पर्स, डबा आणि छत्री, दुसऱ्या हातात ग्लास. तिनं गुडघा सांभाळत कोपरानं गाडीचं दार उघडलं.

"आज सरबत मीच केलंय, कालच," ती म्हणाली. "फ्रीजमध्ये होतं. फेरी झाली की तुम्हीच प्या."

"काठोकाठ आहे ना?"

"बघा की."

मिस्त्रींनी वाकून बघितलं. वर बोटभरही जागा सोडली नव्हती. त्यांनी रुमालाची घडी घातली, ग्लास वर ठेवला आणि पॅडलवर पाय टेकवला.

गाडी आवाज न करता निघाली. पहिलं वळण गेलं. एरवी बायको इथं डोळे मिटायची. आज ती पर्स उघडून बसचा पास कधी संपतोय ते बघत होती.

पुढं गतिरोधक होता. पॅडल सोडलं की मोटर उलटी वीज करायला लागायची आणि गाडीला मागून कुणीतरी शर्ट ओढल्यासारखी ओढायची. एकोणीसपैकी अकरा रुमाल इथंच कामी आले होते. मिस्त्रींनी पॅडल सोडलं. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली आणि पलीकडच्या खड्ड्यातूनही गेली.

सरबत नुसतं शहारलं.

"स्लिपला हात लावू नकोस," मिस्त्री पुटपुटले.

"लॅपटॉपवरचे हातच काढलेत," मेहुणा म्हणाला.

शेडपाशी येऊन मिस्त्रींनी रुमाल उचलला. उजेडात धरला. उलटा करून बघितला. हुंगलासुद्धा. मग ते शेडच्या पायरीवर बसले आणि पाच महिने कानांपाशी गेलेले त्यांचे खांदे हळूच खाली आले.

"सगळे आकडे लिहून घे," ते म्हणाले.

"लिहायचे कशाला? लॉकच करतो. झाला. पासवर्ड टाकलाय."

"काय ठेवलास?"

"गाडी नीट चालतेय ना?"

"हो."

"मग पासवर्ड हवाय कशाला तुम्हाला?"

बायकोनं ग्लास त्यांच्या हातात दिला, स्टिअरिंगमागं बसली आणि सीट पुढं ओढली. "अहो, मग दुकानात सांगू ना? येत राहणार म्हणून?"

"सांग," मिस्त्री म्हणाले. "आणि ब्रेक हळू दाब. नाही, कसाही दाब. सांडत नाही."

"मला चौकात सोड गं ताई," म्हणत मेहुणा तिच्या शेजारी चढला. दोघं भावंडं एकमेकांकडे न बघता समोर बघत राहिली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. वळताना जराही हिसका नव्हता. मिस्त्री तिकडं बघत उभे राहिले. आता त्या बेचाळीस पायऱ्या ज्याला चढायच्या त्यानं चढाव्यात.

स्वयंपाकघरात येऊन ते ऐसपैस बसले. हा घोट पाच महिन्यांचा होता. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि तिरपा केला. काही आलं नाही. आणखी तिरपा केला. एक थेंबही नाही. त्यांनी ग्लास डोळ्यांसमोर धरला, बशीत उपडा केला आणि बुडावर थाप मारली.

सरबत ग्लासाच्या आकारात बशीत उतरलं, दोनदा डुललं आणि उभं राहिलं.