दोघांचं मोजमाप

"मास्तरीणबाई, तुम्ही हे उलटं भरलंय," डॉक्टरीणबाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "पाच म्हणजे उत्तम. एक म्हणजे वाईट."

समोर मास्तर आणि त्यांची बायको बसले होते. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी गिअर टाकायला शिकवलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि ऐकून घ्यायची सवय शून्य. गेल्या वर्षी त्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण शरीराने एका बाबतीत कायमचा संप पुकारला. आता त्यांना दुसरं ऑपरेशन हवं होतं, त्या जागी यंत्र बसवायचं. त्यांचं हृदय पाहून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जिवाला धोका असल्याचं सरळ बजावलं होतं. पण मास्तर हट्टाला पेटलेले. "जिवाचं काय व्हायचं ते होऊ दे. हिच्यासाठी करायचंय," एवढंच म्हणायचे.

शेवटचा शब्द डॉक्टरीणबाईंचा होता. लैंगिक समाधान मोजायची प्रश्नावली त्यांनीच तयार केलेली, आणि तिच्यावर त्यांचा भारी विश्वास. इच्छा किती, जमतं किती, किती वेळा, मन भरतं का, सगळं त्यात होतं. आजवर ती फक्त पेशंट भरायचा. याच महिन्यापासून त्या जोडीदारालाही द्यायला लागल्या होत्या. तेही वेगळ्या खोलीत बसवून, म्हणजे कुणी कुणाच्या कागदात डोकावायला नको.

मास्तर सपशेल नापास झाले होते. त्यात नवल नव्हतं. पण बाईंनी जवळजवळ पैकीच्या पैकी दिले होते! असे घोटाळे व्हायचे. शाळेत पहिला नंबर चांगला असतो ना, त्या हिशेबाने लोक एकला उत्तम समजायचे आणि पाचाला वाईट.

"उलटं कशाला भरेन? चांगला चष्मा लावून भरलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पडला. "अगं, माझी समजूत काढायला खोटं कशाला लिहितेस? मला काय कळत नाही का?"

डॉक्टरीणबाईंनाही तेच वाटत होतं. नवऱ्याचं मन राखणाऱ्या बायका त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. बिचारी, आयुष्यभर सांभाळून घेत आलेली दिसते. त्यांना तिची कणव आली, आणि थोडा रागही.

"हे बघा, तुमच्या उत्तरावर यांचं ऑपरेशन ठरणार आहे," त्या म्हणाल्या. "हवं तर यांना बाहेर बसवते."

"नको नको. त्यांना ऐकू दे."

"मग खरं सांगा. वर्षभरापूर्वी, सगळं ठीक होतं तेव्हा, किती दिले असतेत?"

"तेव्हा काय विचारता! फर्स्ट क्लास होतं!" मास्तर मध्येच बोलले.

"तुमचं होतं," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मी एक दिला असता. तोही भिडेखातर."

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नावली उलटसुलट चाळली. सगळे प्रश्न जागच्या जागी होते, आणि तरी काहीतरी विचारायचं राहून गेलं होतं.

मास्तरीणबाई आता नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण शब्द न् शब्द ठाम होता.

"अहो, काही जमेना म्हणून त्या रात्री तुम्ही रडलात. आणि मग मला विचारलंत, 'तुला काय आवडतं?' उभ्या संसारात पहिल्यांदा! तेव्हापासून मी सांगतेय आणि तुम्ही ऐकताय. मला तेच हवंय. ते यंत्र बसलं, की तुम्ही पुन्हा विचारायचं बंद कराल."