उंबऱ्याच्या आत

"झाले दहा," रूबेनमामा म्हणाले, आणि सिगुलाबाईंनी मलिद्याच्या ताटावरचा रुमाल उगाचच सारखा केला.

त्यांच्या नवऱ्याला, हासकेलला, जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या नावानं प्रार्थना म्हणायची तर दहा ज्यू पुरुष लागतात. लोणावळ्यात आता एकही उरला नव्हता. पुण्याहून रूबेनमामांसह आठ म्हातारे आले होते, त्यातले तिघे काठी टेकत. उरलेले दोघे हासकेलच्या जुन्या दोस्तानं, केरबानं, जीप फिरवून शोधून आणले होते. दाढीवाला लोहगडवाडीत गड चढायला आलेला, चष्मेवाला गावात योग शिकायला. दोघे परदेशी, दोघे ज्यू. पुढच्या वर्षी आठसुद्धा जमणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गंमत म्हणजे दोघे एकाच देशाचे निघाले. पाठीवर थापा मारत आपल्या भाषेत बोलायला लागले. मग दाढीवाल्यानं काहीतरी विचारलं. चष्मेवाल्यानं एका गावाचं नाव घेतलं. दोघांचंही हसू गेलं.

रूबेनमामांनी इंग्रजीत विचारून घेतलं. "सिगुलाबाई, यांच्या देशात आपसातच लढाई जुंपली होती. त्या गावात हे दोघे समोरासमोर होते. बंदुका घेऊन."

"ज्यू असून?"

"ज्यू असून."

चष्मेवाला उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

"पायरीवरून नाही का चालणार, मामा?"

"उंबऱ्याच्या आत हवा."

सिगुलाबाई बाहेर गेल्या. त्याला मराठी कळत नव्हतं, पण जोडलेले हात कळले. त्यानंही हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली.

"वैनी, म्या टोपी घालून हुबा ऱ्हातो की," केरबा म्हणाला. "हासकेलभाऊसंगं तीस वर्सं एका डब्यात जेवलोय."

"तुला नाही रे धरत आमचा देव."

"आन् ह्यान्ला धरतुय व्हय?"

रूबेनमामांनी पुस्तक मिटलं.

निदान मलिदा तरी वाया जाऊ नये, म्हणून सिगुलाबाईंनी बशा भरल्या. एक पायरीवरही नेली. चष्मेवाल्यानं पोहे-खोबऱ्याचा घास उचलला आणि खाण्याआधी देवाचे आभार मानायची ती जुनी हिब्रू ओळ हलक्या आवाजात म्हटली.

"आमेन," आतून दाढीवाला सवयीनं म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो लालेलाल झाला. बशी तशीच खाली ठेवली, बूट हातात घेतले आणि अनवाणीच मागच्या दारानं निघून गेला. फाटकाची कडी वाजली.

तशी चष्मेवाला पायरीवरून उठला. हात पुसत आत आला, आठ म्हाताऱ्यांच्या शेजारी, नववा, भिंतीपाशी उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"हं," तो इंग्रजीत म्हणाला, "आता करा सुरू."