काळा पडदा

वाळूजच्या एका कारखान्यात रात्रपाळीला प्रेस चालवताना रामहरीचा डोळा लागला आणि बोटे थोडक्यात वाचली. घाबरून त्याने घराच्या खिडकीला जाड काळा पडदा लावला आणि त्याच आठवड्यापासून तो दिवसा गाढ झोपू लागला. आज जरा लवकर जाग आली, तेव्हा आपला यशस्वी प्रयोग आईला कधी एकदा सांगतो, असे होऊन तो दाराकडे धावला. तर दाराला बाहेरून कुलूप. हाका ऐकून समोरच्या ओट्यावरून आई किल्ली घेऊन आली. हातात अर्धी निवडलेली मेथी होती.

“कुलूप दिसलं की कुणी बेल वाजवत नाय, बाबा.”

“अन् तू दिवसभर बाहेरच बसतीस?”

“व्हय. पण पडदा बी लई कामाचा हाय तुझा.”