साठावा पत्ता

उद्याच्या चित्रपत्त्यांच्या स्पर्धेसाठी ताई आणि मी आमचा डेक, म्हणजे खेळायला निवडलेला पत्त्यांचा संच, कॉम्प्युटरवर तपासत होतो. आपल्या पत्त्यांची यादी भरली की सॉफ्टवेअर ते पिसतं आणि सुरुवातीला हातात येणारे सात पत्ते दाखवतं.

डेकला साठ पत्ते लागतात. आमच्याकडे एकोणसाठ होते. साठावा बाबांचा लाडका ड्रॅगन, कोपरा दुमडलेला. महिन्यापूर्वी बाबांना शेवटचं नेताना आम्हीच तो त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्याच्या जागी दुसरा घ्यायला मन धजेना, म्हणून सॉफ्टवेअर रोज लाल अक्षरांत कुरकुरायचं, ‘एक पत्ता कमी आहे.’

आज ते कुरकुरलं नाही.

"ड्रॅगन तू टाकलास यादीत?" ताईने विचारलं.

"मी कशाला टाकू? तूच टाकला असशील."

"गप रे. असली थट्टा मला चालत नाही."

पडद्यावर सात पत्ते आले. सातवा ड्रॅगन होता. सॉफ्टवेअरमधली चित्रं कोरी करकरीत असतात. या चित्राचा कोपरा दुमडलेला होता.

"खरे पत्ते पिस बघू," ताई कसंबसं म्हणाली.

मी टेबलावरचा डेक पिसला. तिनेही पिसला. मी वरून एकेक पत्ता उघडत गेलो. सहाच्या सहा पडद्यावरचेच निघाले, त्याच क्रमाने.

सातव्याला हात लावला आणि मी तो झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

मी डेक तिच्यापुढे सरकवला. तिने वरच्या पत्त्यावर बोट टेकवलं.

पत्ता कोमट होता, नुकताच कुणीतरी खिशातून काढून ठेवल्यासारखा.